राजपुत्र येण्याआधीचे ब्रायटन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनची गोष्ट सांगताना बहुतेक जण १७८३च्या सप्टेंबरपासून सुरुवात करतात. त्या महिन्यात एकवीस वर्षांचा युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, आपल्या काकांकडे या गावी आला आणि गाव त्याच्या मनात भरले. मग महाल उठला, मागोमाग उमराव आले, शर्यती आणि नाच सुरू झाले आणि बघता बघता मासळीच्या वासाचे गाव देशातले सर्वांत झोकदार हवापालटाचे ठिकाण झाले. गोष्ट रंगते, कारण तिच्यात राजपुत्र आहे, डोंगराएवढे कर्ज आहे आणि चोरून केलेले लग्नही आहे. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की हा राजपुत्र आयत्या बिळावरचा नागोबा ठरतो. बीळ मासेमारांचे होते, आणि त्यांनी ते हौसेने सोडलेले नव्हते. त्यांचा धंदा बसला म्हणून ते रिकामे झाले होते. रिकाम्या खोल्या, रिकामे हात आणि समुद्राला लागून असलेली मोकळी जमीन एवढ्याच भांडवलावर ब्रायटन उभे राहिले, आणि हे तिन्ही मासेमारीच्या पडझडीतून आले. म्हणून या शहराच्या इतिहासात मासेमारांची जागा प्रस्तावनेत नाही, मुख्य प्रकरणात आहे.

गावाचे जुने नाव ब्राइटहेल्मस्टन. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमीनमहसुलाच्या पाहणीत, इथल्या एका जहागिरीचा खंड चार हजार हेरिंग मासे असा लिहिलेला आहे. जिथे सारा माशांत भरला जातो त्या गावाचे पोट कशावर चालत होते हे वेगळे सांगायला नको. तरीही गावाला बंदर नव्हते. नदीचे मुख नाही, खाडी नाही. समोर गोट्यांचा उघडा किनारा आणि त्यावर रहाटाने ओढून घेतलेल्या बोटी. वस्ती दोन थरांची होती. कड्याच्या माथ्यावर शेतकरी आणि दुकानदार, तर कड्याखाली, अगदी लाटांच्या तोंडाशी, मासेमारांची घरे. वरच्या वस्तीच्या मधोमध दोरखंडांसाठी तागासारख्या हेंपची लागवड होई. १५८० साली मासेमार आणि जमीनवाले यांच्यात गावखर्चाच्या वाटणीवरून तंटा झाला, तेव्हा सरकारी पंचांनी गावचे रीतिरिवाज लिहवून घेतले. त्या नोंदीत ८० मासेमारी बोटी, ४०० खलाशी आणि १०,००० जाळी मोजलेली आहेत. कुठल्या हंगामात कुठली जाळी घेऊन कुठे जायचे, मिळकतीचे भाग कसे पाडायचे, त्यातला कोणता हिस्सा चर्चसाठी आणि गावच्या संरक्षणासाठी काढायचा, हे सगळे त्यात आहे. या बोटी घरासमोरच्या पाण्यावर विसंबून नव्हत्या. शरद ऋतूत त्या हेरिंगच्या मागे उत्तर समुद्रात यार्मथपर्यंत जात. म्हणजे चांगला पसरलेला, स्वतःचे कायदे असलेला हा धंदा होता. ‘गरीब बिचारे कोळ्यांचे खेडे’ ही प्रतिमा नंतरच्या पर्यटकांनी चिकटवली.

पुढच्या सव्वाशे वर्षांत हा डोलारा दोन्ही बाजूंनी खचला. डच आणि फ्रेंच युद्धांच्या काळात चाचे आणि शत्रूची जहाजे लांबच्या सफरी होऊ देईनात. यार्मथच्या लोकांनी आपल्या पाण्यातला हेरिंग बाहेरच्यांना सुखाने मिळू दिला नाही. काही मालक कोळशाच्या वाहतुकीकडे वळले, बाकीच्यांनी बोटी विकल्या. दुसरीकडून समुद्र जमीन खात होता. कड्याखालची घरे सतराव्या शतकातच एकेक करून जाऊ लागली होती. १७०३च्या नोव्हेंबरमधले महावादळ आणि १७०५चे वादळ यांनी खालची वस्ती संपवली, उरलेसुरले गोट्यांखाली गाडले गेले. डॅनियल डिफोने १७२०च्या दशकात आपल्या प्रवासवर्णनात ब्राइटहेल्मस्टनची नोंद केली ती एक जुनाट, गरीब, समुद्राने कुरतडलेले मासेमारांचे गाव म्हणूनच. लाटा अडवायला समुद्रात आडवे लाकडी बंधारे घालायचे तर गावाकडे पैसा नव्हता. त्यासाठी देशभरच्या चर्चमधून वर्गणी गोळा करावी लागली. १७४४मध्ये गावात सुमारे साडेचारशे घरे होती आणि त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश घरांना गरिबीमुळे करमाफी होती. शेजारच्या परगण्यांत या गावाचे नाव निघे ते कणव करायला.

आता याच काळातले एक पत्र पाहा. १७३६च्या जुलैमध्ये विल्यम क्लार्क नावाचा एक पाद्री पत्नीसह इथे राहायला आला होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आम्ही किनाऱ्यावर उन्हात बसतो, समुद्रात अंघोळ करतो; घर बुटके आहे खरे, पण दोन बैठकीच्या खोल्या, दोन निजायच्या खोल्या आणि कोठीघर मिळून आठवड्याला फक्त पाच शिलिंग पडतात. माझ्या दृष्टीने ब्रायटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. युवराजाला यायला अजून सत्तेचाळीस वर्षे होती. ज्या डॉक्टरला या गावाचा जनक म्हणतात त्याचे पुस्तकही चौदा वर्षे दूर होते. तरी हवापालटाचा व्यवहार सुरू झालेला दिसतो, आणि तो कशावर उभा आहे तेही पत्रातच आहे: पाच शिलिंग. ज्या घरात दोन खलाशी कमी झाले तिथे दोन खोल्या भाड्याला निघाल्या. भाडे कमी, कारण मालकाला दुसरे गिऱ्हाईक नाही. गावाच्या नकाशावर जो तोटा होता तोच पाहुण्याच्या हिशेबात नफा झाला.

यावर पहिला आक्षेप डॉक्टर रसेलच्या बाजूने येईल. शेजारच्या लुइस गावचा रिचर्ड रसेल याने १७५०मध्ये ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा प्रबंध लॅटिनमध्ये छापला. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर आले आणि पुस्तक धडाक्याने खपले. तो रोग्यांना समुद्रात बुडी मारायला लावी आणि तेच खारे पाणी प्यायलाही लावी. १७५३मध्ये त्याने ब्राइटहेल्मस्टनलाच घर बांधले. त्याचा वाटा मी नाकारत नाही. पण यॉर्कशरमधल्या स्कारबरोला लोक त्याआधीच चाकांच्या लाकडी खोक्यांतून समुद्रात उतरत होते, आणि इथे क्लार्कसारखे लोक कोणाची चिठ्ठी न घेता आलेच होते. रसेलने नवी ओढ निर्माण केली नाही. उच्चभ्रूंना समुद्रावर जायला एक सभ्य कारण दिले. औषध म्हटले की खर्चाचा जाब द्यावा लागत नाही! शिवाय त्याची उपचारपद्धती अमलात कोण आणत होते हे पाहिले की पुन्हा मासेमारच समोर येतात. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा होई. ते घोडा लावलेले खोके गोट्यांवरून पाण्यात नेणे, आत कपडे बदलून थरथरत पायरीवर आलेल्या बाईला दंडाला धरणे, लाट अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी तिला पाण्याखाली दाबणे आणि वर काढणे, हे काम गावच्या दणकट बायाबापड्यांचे. कमरेएवढ्या गार पाण्यात लोकरीच्या जाड कपड्यांत तासन्‌तास उभे राहायचे. या बायकांना ‘डिपर’ म्हणत. त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध मार्था गन ही १७२६मध्ये मासेमारांच्या घरात जन्मली आणि म्हातारपणापर्यंत हेच काम करत राहिली. तिची चित्रे छापून विकली जात. लाट कधी फुटणार, पायाखालचे गोटे कधी सरकणार हे ज्ञान कुठल्याही प्रबंधात नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या बोटी पाण्यात लोटणाऱ्या घरांत होते.

दुसरा आणि वजनदार आक्षेप राजपुत्राच्या बाजूचा. १८०१च्या जनगणनेत ब्रायटनची लोकसंख्या ७,३३९ होती. १८११मध्ये ती १२ हजारांवर आणि १८२१मध्ये २४ हजारांवर गेली. दहा वर्षांत दुप्पट, आणि ही दहा वर्षे म्हणजे जॉर्ज बापाच्या जागी राज्यकारभार पाहत होता तोच काळ. हा योगायोग कसा म्हणायचा? मी तसे म्हणतही नाही. दरबार असला की सुतार, शिंपी, आचारी, सावकार येणारच. पण राजपुत्र हेच कारण असते तर तो गेल्यावर गाव ओसरायला हवे होते. जॉर्ज १८२७नंतर इथे फिरकला नाही, तरी १८३१मध्ये लोकसंख्या ४० हजार ओलांडून गेली. व्हिक्टोरिया राणीला इथली गर्दी खपेना. १८४५नंतर ती आली नाही आणि तिच्या सरकारने महाल विकायला काढला. तेव्हा गावाने कृतज्ञतेने धावत जाऊन तो घेतला असेल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात १८४९च्या डिसेंबरमध्ये करदात्यांचे मत घेतले तेव्हा खरेदीचा ठराव अवघ्या ३६ मतांनी तरला. सुमारे ५३ हजार पौंडांना तो महाल नगराने घेतला खरा, पण निम्म्या गावाला त्याच्यावाचून काही अडत नव्हते. १८५१मध्ये जनगणना झाली तेव्हा ब्रायटन ६५ हजारांचे शहर होते, आणि तिथे राजघराण्यातले कोणीही राहत नव्हते. राजपुत्र येण्याआधीचाही पुरावा आहे: कासल आणि ओल्ड शिप या दोन खाणावळींची नाचगाण्यांची दालने १७६६-६७मध्ये तयार झाली, आणि १७७३च्या कायद्याने नेमलेल्या नगर आयुक्तांनी किनाऱ्यावर उतरणाऱ्या कोळशावर जकात बसवून बंधाऱ्यांचा खर्च भागवायला सुरुवात केली. पूर्वी भीक मागून बांधलेले बंधारे आता गाव स्वतःच्या उत्पन्नातून बांधत होते.

मग कोणी विचारेल, धंदा बुडालेली मासेमारांची गावे त्या किनाऱ्यावर थोडी होती काय? सगळ्यांची ब्रायटने का झाली नाहीत? हा प्रश्न रास्त आहे आणि माझे म्हणणे त्याने थोडे आकसते. लंडनहून समुद्र गाठायचा तर ब्रायटनचे अंतर सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे जवळच्या किनाऱ्यांपैकी एक. पलीकडे फ्रान्सचे दिएप, त्यामुळे पॅरिसला जाणाऱ्यांचाही रस्ता इथूनच. हे दोन्ही नसते तर स्वस्त खोल्या रिकाम्याच राहिल्या असत्या. पण अंतराचा हिशेब पूर्वीपासून तोच होता; चौदाव्या-पंधराव्या शतकातही लंडन इतकेच दूर होते आणि घोड्यांच्या पाठीवरून इथली मासळी तिथे जातच होती. बदलली ती गावाची बाजू. पूर्वी लंडनला विकायला मासे होते. आता किनाराच विकायला निघाला. आणि बंदर नसणे, जो मासेमारांचा जन्माचा शाप होता, तोच आता गुण ठरला: गोदी नाही, वखारी नाहीत, जहाजांची घाण नाही, नुसता उघडा समुद्र.

बुडालेल्या माणसाला ब्रायटनमध्ये दुसरा डाव मांडता येई, याचे एक भारतीय उदाहरण आहे. पाटण्यात १७५९मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद कंपनीच्या बंगाल फौजेत होते, नंतर आयर्लंडला गेले, तिथे इंग्रजीत आपले प्रवासवर्णन छापले. १८१०मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे खाणे देणारे कॉफीगृह काढले. दोन वर्षांत दिवाळे निघाले. १८१४च्या सुमाराला ते ब्रायटनला आले, वाफेचे स्नान आणि चंपी-मालीश असा उपचार त्यांनी सुरू केला, १८२१मध्ये समुद्रालगत स्वतःचे प्रशस्त स्नानगृह बांधले आणि राजाचे ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. समुद्रात बुडवणाऱ्या मार्थाबाईंची आणि बंद खोलीत रगडणाऱ्या महंमदांची गिऱ्हाइके एकच होती. तिकडे युवराजाचा महालही हिंदुस्थानी झाला. मुळात ते एका शेतकऱ्याचे भाड्याने घेतलेले घर. १७८७मध्ये हेन्री हॉलंडने त्याला नेटके ग्रीक-रोमन वळण दिले. १८०३ ते १८०८ या काळात विल्यम पोर्डनने घोड्यांसाठी प्रचंड घुमटाचा तबेला बांधला आणि १८१५पासून जॉन नॅशने घरावरही मोगली घुमट आणि मिनार चढवले. दोघांपुढे डॅनियल काका-पुतण्यांनी हिंदुस्थान फिरून काढलेली चित्रे होती. मराठी वाचकाला या तारखा वेगळ्या वाचता येतात. तबेल्याचा पाया पडला त्या वर्षी असईची लढाई झाली, आणि नॅशचे घुमट अर्धवट असताना शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. १९१४च्या डिसेंबरमध्ये याच महालात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी इस्पितळ उघडले. ब्रायटनच्या इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू-शीख शिपायांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले आणि त्या जागी १९२१मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली.

महालाच्या समोर पसरलेल्या जमिनीचे नाव स्टीन. माझ्या मते ब्रायटनचा खरा इतिहास या जमिनीवर घडला. दोन टेकड्यांमधला हा सखल, गवताळ पट्टा समुद्रापर्यंत जाई. तो कोणा एकाचा नव्हता, गायरानासारखा गावाचा होता, आणि मासेमार पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी वाळत घालत, तुनत, वादळात बोटी वर ओढून ठेवत. कोकणातल्या कुठल्याही कोळीवाड्यात अशा जागेचे मोल समजावून सांगावे लागणार नाही: जाळे ओले राहिले तर कुजते, आणि ते पसरायला अंगण पुरत नाही. कड्याखालची वस्ती समुद्राने गिळल्यावर तर मासेमारांना स्टीनखेरीज जागाच उरली नाही. नेमकी तीच जागा पाहुण्यांना संध्याकाळी फिरायला हवी होती. आधी एका बाजूला जाळी आणि दुसऱ्या बाजूला झुळझुळीत झगे असे चालले. मग जाळ्यांत पाय अडकतात अशा तक्रारी सुरू झाल्या. १७९३च्या सुमाराला युवराजाने आणि शेजारी राहणाऱ्या मार्लबरोच्या ड्यूकने स्टीनवरून वाहणारा पावसाळी ओढा जमिनीखालच्या गटारात घालायचा खर्च उचलला. बदल्यात आपापल्या घरांसमोरचा गायरानाचा तुकडा कुंपणात घेण्याची परवानगी त्यांना मिळाली. सौदा कागदावर सार्वजनिक हिताचा होता, चिखल खरेच गेला; पण ओढा बुजवायला मासेमारांनी कधी सांगितले नव्हते आणि परवानगी देणाऱ्यांत त्यांना कोणी विचारले नव्हते. १८२०च्या दशकात उरलेल्या स्टीनलाही रेलिंग लागले, मधून रस्ते गेले. मासेमारांनी आपला वहिवाटीचा हक्क सांगून पाहिला, तो चालला नाही. १८२२मध्ये समुद्रकाठाने किंग्ज रोड खुला झाला आणि बोटी, रहाट, मासळीबाजार सगळे रस्त्याखालच्या गोट्यांवर ढकलले गेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी समुद्राने त्यांना जिथून हुसकावले होते तिथेच परत.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो इतिहासकारांपेक्षा व्यवहारी माणसे घेतात: मासेमारांचे नुकसान कसले? खोल्यांचे भाडे त्यांनीच घेतले, डिपरांना बक्षिशी मिळाली, उन्हाळ्यात पाहुण्यांना बोटीतून फिरवून जास्त कमाई झाली, आणि ताज्या माशाला दारात गिऱ्हाईक आले. हे सगळे खरे आहे. एकेका घराचा हिशेब मांडला तर पुष्कळांचे भले झाले असेल. पण हे लाभ एकेकट्याचे होते आणि हंगामी होते. गेलेली वस्तू सामायिक होती आणि कायमची गेली. १५८०च्या नोंदवहीत मासेमार हा गावाचा एक पक्ष होता, जमीनवाल्यांच्या समोर बसून कराची वाटणी ठरवणारा. अडीचशे वर्षांनी तो पक्ष उरला नाही. उरले ते बोटवाले, आंघोळ घालणाऱ्या बाया आणि मासे विकणारे. त्यांना चांगली मजुरी मिळत असेल, पण गावाची कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवण्यात त्यांचा शब्द संपला. जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार आजारी पत्नीसाठी १८२४पासून इथे येऊ लागला. फॅशनच्या या गजबजाटावर त्याने पत्रांतून तोंडसुख घेतले आणि १८२७मध्ये ब्रायटनच्या चेन पिअरचे मोठे चित्र प्रदर्शनात ठेवले. १८२३मध्ये लोखंडी साखळ्यांनी तोललेला तो धक्का तेव्हा नवलाईचा होता. पण चित्राच्या पुढच्या भागात बोटी, नांगर, जाळी आणि राबणारी माणसे आहेत, मागे हॉटेलांची रांग. त्या रांगेतले एक हॉटेल, रॉयल अल्बियन, डॉक्टर रसेलच्या घराच्या जागेवर उठलेले.

२१ सप्टेंबर १८४१ रोजी लंडनहून थेट रेल्वे आली. आजचे ब्रायटन रेल्वेने घडवले असे म्हणणारे बरोबरच आहेत. १८४४पासून स्वस्त सहलींच्या गाड्या सुरू झाल्या आणि कारकून, कारागीर, कामगार एका दिवसासाठी समुद्र पाहायला येऊ लागले. उमरावांनी नाके मुरडून दुसरीकडे घरे घेतली. पण रेल्वेने मासेमारी संपवली हा समज मात्र चुकीचा आहे. सकाळी गोट्यांवर लिलाव झालेला मासा गाडीने त्याच दिवशी लंडनला पोचू लागला, आणि किनाऱ्यावरचा मासळीबाजार त्यानंतर शतकभराहून अधिक टिकला. तो हलवला गेला १९६०मध्ये. मोटारींची रहदारी, हॉटेलांच्या खिडक्या आणि सकाळच्या लिलावाचा आरडाओरडा यांचा मेळ बसणे तोवर अशक्य झाले होते. किंग्ज रोडखालच्या कमानींत, जिथे मासेमारांच्या कोठ्या होत्या, तिथे १९९४मध्ये मासेमारीचे संग्रहालय निघाले. गावाला हजार वर्षे नसलेले बंदर अखेर विसाव्या शतकात मिळाले. पूर्वेच्या टोकाला काँक्रीटच्या भिंती घालून बांधलेल्या मरीनाचे उद्घाटन १९७९मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या हस्ते झाले. ते बांधले होते हौशी लोकांच्या नौकांसाठी; राहिलेल्या मोजक्या मासेमारी बोटी आता तिथेच, नौकांच्या शेजारी लागतात.